कोसळलेल्या सर्व्हरची जबानी

‘सर्व्हर डाऊन आहे’ या शब्दांचा अर्थ आज कळवण तालुक्यात कोणास समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्याचा उतारा, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, बँकेतील भरणा, शिष्यवृत्तीचा अर्ज, या साऱ्यांच्या पाठीमागे कोठेतरी दूर एक मोठे यंत्र अखंड चालू असते. ते थांबले की दळवट-कनाशीकडून सकाळची एस. टी. धरून आलेल्या माणसाचा दिवस बुडतो. खिडकीच्या बाहेर उभा असलेला संतापतो आणि आत बसलेला मान खाली घालतो. वस्तुतः दोघांच्याही हाती काही नसते.

यंत्र बिघडते यात नवल नाही. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ‘ते का थांबले?’ असे विचारले असता पुष्कळदा उत्तर मिळते, ‘नोंद सापडत नाही.’ आणि नोंद सापडत नाही म्हटल्यावर दोष कोणाचा ठरतो? जो त्या वेळी पाळीवर होता त्याचा. ‘यंत्राची नोंद नाही, अर्थी माणसाचीच चूक’ हे तर्कशास्त्र कामगार चळवळीस नवे नाही. बॉयलर फुटला की फायरमनकडे आणि पट्टा तुटला की खात्याच्या जॉबरकडे बोट दाखविण्याची रीत जुनीच आहे. आता ते बोट संगणक-चालकाकडे वळले आहे, एवढेच. म्हणून ही नोंद का हरवते, ती कोठे शोधावी आणि हरवू नये यासाठी काय करावे, हे सामान्य माणसाच्या भाषेत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हे. चौकशीची कागदपत्रे वाचता वाचता आणि जाणत्या तंत्रज्ञांना प्रश्न विचारता विचारता जे समजले ते येथे मांडतो.

कर्नेल आणि त्याची ‘घबराट’

सर्व्हर म्हणजे शेवटी एक संगणकच. त्यात एकाच वेळी शेकडो कामे चालतात. कोणाला किती स्मरणजागा द्यावी, कोणाचे काम आधी घ्यावे, तबकडीवर कोणी लिहावे, हे ठरविणारा जो मूळ कार्यक्रम त्यास कर्नेल म्हणतात. कांद्याच्या बाजार आवारात लिलाव, माप, हमाली आणि हिशेब एकाच वेळी चालू असतात, आणि सर्वांना क्रम लावून देणारा एक मुकादम असतो. तसे हे कर्नेल. बहुसंख्य सर्व्हरांवर लिनक्स नावाचे कर्नेल असते. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केले आणि जगभरच्या असंख्य लोकांनी ते पुढे वाढविले.

या मुकादमाला कधी कधी असे आढळते की, आपल्याच वहीतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जी जागा रिकामी म्हणून लिहिली आहे तेथे कोणी बसलेले आहे; ज्या पत्त्यावर माल असावा तेथे पत्ताच नाही. स्मरणपट्टी खराब झाली असेल, एखाद्या उपकरणाचा चालक-कार्यक्रम सदोष असेल, किंवा कर्नेलमध्येच चूक असेल. अशा वेळी पुढे काम चालू ठेवले तर खोट्या नोंदी होतील आणि चांगला हिशेबही बिघडेल. म्हणून कर्नेल एक शेवटचा संदेश उच्चारते आणि सर्व काम जागच्या जागी थांबविते. यासच ‘कर्नेल पॅनिक’ म्हणतात. पॅनिक म्हणजे घबराट. परंतु आमच्या मते हे नाव त्यास अन्याय करणारे आहे. खोटे लिहिण्यापेक्षा वही मिटून बसणाऱ्या प्रामाणिक कारकुनाचे हे वर्तन आहे.

नोंद का उरत नाही?

येथेच खरी मेख आहे. कर्नेल आपले संदेश प्रथम स्मरणजागेतील एका लहानशा फळ्यावर लिहिते. तेथून ते वाचून तबकडीवरील वहीत उतरविण्याचे काम दुसऱ्या एका सेवक-कार्यक्रमाकडे असते. रोजच्या दिवसात ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु पॅनिक होताच सर्वच कार्यक्रम थांबतात, त्यात हा उतरवून घेणारा सेवकही थांबतो. शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोलाच्या ओळी फळ्यावरच राहतात. मग कोणी बटन दाबून यंत्र पुन्हा सुरू केले की फळा पुसला जातो.

मग कर्नेलने स्वतःच तबकडीवर का लिहू नये? कारण त्याचा स्वतःच्या हातावर विश्वास उरलेला नसतो. तबकडीवर लिहिणारी यंत्रणा कर्नेलचाच भाग आहे. तीच बिघडलेली असेल तर शेवटची चार वाक्ये लिहिण्याच्या नादात ती कोणाचा सातबारा खोडून बसेल याचा नेम नाही. तेव्हा पॅनिकनंतर रोजच्या वहीत काहीच सापडू नये हे स्वाभाविक आहे. ते कोणी मजकूर पुसल्याचे लक्षण नव्हे. चौकशी अधिकाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली तरी अर्धे आरोप गळून पडतील.

शोध कोणत्या क्रमाने घ्यावा?

पहिली गोष्ट अशी की, घाई करू नये. कर्नेलची मूळ मांडणी अशी आहे की पॅनिकनंतर यंत्र तसेच थांबून राहते. अमुक सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी आज्ञा वेगळी द्यावी लागते. यंत्र थांबलेले असेल आणि पडद्यावर मजकूर दिसत असेल, तर बटनास हात लावण्यापूर्वी फोनने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि वेळ लिहून ठेवावी. कित्येकदा तो एकमेव पुरावा असतो.

दुसरे, पॅनिक खरोखरच झाला होता काय, हे ठरवावे. आमच्या भागात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि वीज तोडली गेलेले यंत्र मुळी संदेशच उच्चारीत नाही. तेथे नोंद शोधणे व्यर्थ. यूपीएसची नोंद पाहावी. कधी यंत्र नुसते गोठते, आणि त्यावर नजर ठेवणारे ‘वॉचडॉग’ नावाचे घड्याळ त्यास झटका देऊन पुन्हा सुरू करते. कधी स्मरणजागा संपल्यामुळे कर्नेल एखाद्या कार्यक्रमाचा बळी देते. त्यात सेवा बंद पडते, सर्व्हर मात्र चालूच असतो. ‘लास्ट’ ही आज्ञा ‘एक्स’ या पर्यायासह दिली असता यंत्र केव्हा नीट बंद झाले आणि केव्हा अचानक, हे समजते.

तिसरे, रोजची वही कोठे लिहिली जाते ते पाहावे. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रणांत हे काम ‘जर्नल’ नावाची सेवा करते. ‘व्हार’ या कप्प्यातील ‘लॉग’मध्ये ‘जर्नल’ नावाची जागा असेल तर तिच्या मूळ मांडणीप्रमाणे नोंदी तबकडीवर टिकतात. ती जागाच नसेल तर नोंदी केवळ स्मरणजागेत राहतात आणि यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीशा होतात. एक रिकामा कप्पा करून ठेवला नाही म्हणून महिनोन्‌महिन्यांचा इतिहास जातो! शिवाय ही सेवा साधारण संदेश दर पाच मिनिटांनी तबकडीवर पक्के करते. केवळ अतिगंभीर संदेश तत्काळ. म्हणजे पॅनिकपूर्वीच्या काही मिनिटांची पाने कोरी निघणे अगदी शक्य आहे.

चौथे, यंत्राच्या पोटातील तिजोरी पाहावी. अनेक सर्व्हरांच्या मूळ पाटीवर वीज गेली तरी टिकणारी थोडीशी जागा असते. तीत शेवटचे संदेश टाकण्याची ‘पीस्टोअर’ नावाची सोय लिनक्समध्ये २०११ सालापासून आहे. परंतु येथे एक गंमत होते. यंत्र सुरू होताना ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था त्या तिजोरीतील कागद काढून ‘व्हार’, ‘लिब’, ‘सिस्टमडी’, ‘पीस्टोअर’ या उतरंडीच्या कप्प्यात ठेवते. तपासणारा तिजोरी उघडतो, ती रिकामी दिसते, आणि ‘नोंद नाही’ असा शेरा मारतो. कागद शेजारच्या कपाटात असतो!

पाचवे, सर्व्हरच्या पाटीवर बहुधा एक लहान स्वतंत्र संगणक असतो; त्यास बी.एम.सी. म्हणतात. मोठे यंत्र मेले तरी तो जागा असतो, आणि तपमान, वीजपुरवठा, स्मरणपट्टीतील दोष यांची वेगळी नोंदवही ठेवतो. ही वही मागितल्याशिवाय कोणी दाखवीत नाही.

या वहीसंबंधी एक प्रकरण सांगणे अवश्य आहे. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. रात्रपाळीच्या एका चालकास नोटीस मिळाली की, रात्री २ वाजून १४ मिनिटांनी त्याने निष्काळजीपणे सर्व्हर बंद पाडला. कारण त्या वेळेस यंत्रात कोणत्याही बिघाडाची नोंद नाही. आम्ही बी.एम.सी.ची वही मागितली. तीत स्मरणपट्टीच्या असाध्य दोषाची नोंद स्पष्ट होती, परंतु वेळ होती आदल्या दिवशीची रात्री ८ वाजून ४४ मिनिटे. व्यवस्थापनाने ती ‘असंबद्ध’ म्हणून बाजूस सारली होती. त्या लहान संगणकाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळ दाखवीत होते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. ८-४४ मध्ये साडेपाच तास मिळविले की बरोबर २-१४ होतात! नोटीस मागे घेण्यात आली. एवढी साधी बेरीज एका माणसाच्या भाकरीच्या आड आली होती. तेव्हा सहावी गोष्ट ही की, नोंदी जुळविण्यापूर्वी घड्याळे जुळवावीत.

साक्षीदार आधी नेमावा लागतो

आतापर्यंत सांगितले ते अपघातानंतरचे. परंतु या विषयाचे खरे सार असे आहे की, मरणाऱ्या यंत्राची जबानी घेण्याची व्यवस्था ते धडधाकट असतानाच करावी लागते. नाशिकच्या मेरी संस्थेत भूकंपमापक यंत्र आहे. जमीन आमच्या तालुक्यात हादरली तरी तिची नोंद दूर नाशिकला होते, आणि म्हणून ती शाबूत राहते. सर्व्हरचेही तसेच आहे; साक्षीदार शक्यतो पडणाऱ्या घराच्या बाहेर असावा.

अशा साक्षीदारांचे तीन प्रकार आहेत. पहिला, सिरियल कन्सोल. कर्नेल आपले संदेश एका तारेवरून उच्चारीत राहते आणि पलीकडचे दुसरे यंत्र ते लिहून घेते. ही पद्धत जुनी आणि साधी आहे, म्हणूनच विश्वासाची. दुसरा, नेटकन्सोल. यात तेच संदेश जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे जातात. मात्र ते पोचल्याची पावती मिळत नाही. रस्त्यात हरवले तर हरवले. आणि पडद्यावर संदेश कमीत कमी दिसावेत अशी आज्ञा दिलेली असेल, तर महत्त्वाच्या ओळी या दोन्ही वाटांनी जातच नाहीत.

तिसरा आणि सर्वांत समर्थ म्हणजे केडंप. ही सोय २००५ साली लिनक्समध्ये आली. हिची कल्पना मोठी मनोहर आहे. यंत्र सुरू होतानाच स्मरणजागेचा एक भाग राखून ठेवतात आणि तेथे दुसरे छोटे कर्नेल निजवून ठेवतात. मोठे कर्नेल पडले की हे छोटे जागे होते, पडलेल्याच्या स्मरणजागेचा जसाच्या तसा पंचनामा करते, तो बहुधा ‘व्हार’मधील ‘क्रॅश’ या कप्प्यात लिहिते आणि मग यंत्र पुन्हा सुरू करते. मुकादम पडला तर काय, म्हणून त्याचा बदली माणूस आधीच आवारात बसविलेला असतो.

परंतु हा बदली माणूसही नेमक्या वेळी कामास येत नाही, असे पुष्कळदा घडते. राखीव जागा ठेवलेलीच नसते, किंवा वाढलेल्या यंत्रास ती अपुरी पडते. तबकडी ओळखण्यासाठी लागणारा चालक-कार्यक्रम छोट्या कर्नेलकडे नसतो. पंचनामा ठेवावयाचा त्या तबकडीवर जागा नसते. एखाद्या सर्व्हरची स्मरणजागा शेकडो गिगाबाइट असते, हे विसरून चालणार नाही. तो जाळ्यावरून पाठवावयाचा असेल तर जाळे अजून उभे राहिलेले नसते. किंवा पंचनामा अर्धा झाला असतानाच वॉचडॉग घड्याळ झटका देते. कर्नेलमधील ‘केक्सेक क्रॅश लोडेड’ या खुणेपुढे १ असेल तर बदली माणूस हजर आहे, ० असेल तर गैरहजर आहे, असे समजावे. विंडोज यंत्रणेतही हीच कथा वेगळ्या नावाने आहे. तेथे पडतानाचे चित्र प्रथम ‘पेजफाइल’मध्ये लिहिले जाते आणि पुढच्या सुरुवातीस वेगळे काढले जाते. ती फाइल लहान असेल वा बंद केलेली असेल, तर चित्र उरत नाही.

म्हणून केवळ ‘केडंप बसविले आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. आग विझविण्याची बादली भिंतीवर टांगलेली असते. तीत वाळू आहे की पानाच्या पिचकाऱ्या, हे पाहावे लागते. कर्नेलला जाणूनबुजून पाडण्याची एक आज्ञा आहे. सुटीच्या दिवशी, वरिष्ठांच्या लेखी परवानगीने, माहितीची दुसरी प्रत काढून ठेवून ती आज्ञा द्यावी आणि पंचनामा खरोखर मिळतो की नाही हे पाहावे. दर कर्नेल बदलानंतर ही कवायत पुन्हा करावी.

साक्षीदार एकापेक्षा अधिक असावेत, हेही तितकेच खरे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस एअर इंडियाचे विमान कोसळले. त्या विमानात नोंद ठेवणारी दोन यंत्रे होती, एक पुढे व एक शेपटीकडे. शेपटीकडचे इतके जळाले होते की नेहमीच्या पद्धतीने त्यातून काही काढता आले नाही. पुढच्या यंत्रातून माहिती मिळाली. एकच यंत्र असते तर काय झाले असते, याचा विचार करावा.

नोंद आणि न्याय

कोणी म्हणेल, हा तंत्रज्ञांचा विषय. त्यात कामगार संघटनेचे काय काम? त्यास दोन उदाहरणे देतो.

पहिले आपल्या जालन्याचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत आले की नंतर, यावर वाद झाला. निवडणूक कार्यालयात झालेले चित्रण हा पुरावा होता. परंतु इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना कायद्याने जे प्रमाणपत्र लागते ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की, असे प्रमाणपत्र आवश्यकच आहे. परंतु ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्याच्या हाती ते देणे होते त्याने दिले नाही, त्याला त्याची शिक्षा नको. कामगारास यातून धडा असा की, नोंद मालकाच्या कपाटात असते. तेव्हा ती लेखी मागावी, आणि मागितल्याची पोच जपून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही, त्या काळात संगणक नीट चालत होता, किंवा बिघडला असल्यास नोंदीच्या खरेपणावर त्याचा परिणाम झाला नाही, ही अट आहे. यंत्र केव्हा बिघडले होते याचीच नोंद ज्याच्याकडे नाही, त्याने ही हमी कशाच्या आधारावर द्यावी?

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथील टपाल खात्यात ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक-व्यवस्था होती. तिच्यात दाखविलेल्या तुटीवरून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक पोस्टचालकांना अपराधी ठरविण्यात आले. त्यांत भारतीय वंशाची माणसेही होती. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली. ही गोष्ट कर्नेल पॅनिकची नव्हे, हिशेबातील दोषांची आहे. परंतु मर्म एकच. यंत्राच्या दोषांची नोंद ज्यांच्याकडे होती त्यांनी ती पुढे केली नाही, आणि ज्यांच्यावर आरोप होता त्यांना ती पाहावयास मिळाली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने व्यवस्थेतील दोष मान्य केले, आणि २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. गेलेली वर्षे मात्र कोणता कायदा परत देणार?

मागणी काय करावी?

आमच्या देशात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले आहेत. त्यांनुसार संगणक-व्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवावी लागतात. हे निर्देश संगणक-सुरक्षेसाठी आहेत. परंतु जपलेली नोंद आणि खरे घड्याळ कामगाराच्याही उपयोगाचे आहे.

तेव्हा ज्या कचेरीत, पेढीत वा कारखान्यात सर्व्हर आहे, तेथील कर्मचाऱ्यांनी संघटितपणे पुढील मागण्या कराव्यात. सर्व्हरच्या बाहेर दुसऱ्या यंत्रावर नोंद जावी. केडंप अथवा तत्सम व्यवस्थेची वर्षातून निदान दोनदा कर्मचाऱ्यांसमक्ष परीक्षा व्हावी. सर्व घड्याळे एका वेळेवर असावीत. बिघाड होताच बी.एम.सी., यूपीएस आणि जर्नल या तिन्ही वह्यांची प्रत काढून सीलबंद करावी आणि एक प्रत पाळीवरच्या माणसास मिळावी. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, नोंद उपलब्ध नाही एवढ्या कारणावरून कोणावरही आरोप ठेवला जाऊ नये.

यांतील पहिल्या चार मागण्यांस खर्च फारसा नाही. बहुतेक साधने यंत्रात आधीच असतात. ती चालू करून तपासावयाची असतात. पाचवीस तर पैसाही लागत नाही. नोंद ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या हाती यंत्र आणि अधिकार आहेत त्याची आहे. त्याने ती ठेवली नाही, तर तिच्या अभावाचा लाभ त्याला मिळता कामा नये. खिडकीच्या आत आणि बाहेर असलेल्या दोघांनीही हे समजून घेतले, तर ‘सर्व्हर डाऊन’ झाल्यावर ते एकमेकांवर डोळे वटारणार नाहीत. दोघे मिळून एकच प्रश्न विचारतील, ‘नोंद कोठे आहे?’